बोललें एक, ऐकलें एक

सज्जनहो, वारींत आपण एकमेकांना ‘माउली’ म्हणतों, भेटतांच पायां पडतों. तरीहि दिंडींत कुरबुरी होतात, हें कोणापासून लपलेलें नाहीं. त्या होतात कशावरून? पुष्कळदां बोलणारा एक बोलतो आणि ऐकणारा दुसरेंच ऐकतो, एवढ्यावरून!

आमच्या दिंडींतली गोष्ट सांगतों. दिवे घाट चढून सासवडला मुक्काम पडला होता. एक म्हातारी पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या पोराला म्हणाली, “बाबा, आज टँकर आला न्हाई वाटतं?” पोरगा दिवसभर उन्हांत धांवलेला. त्याच्या कानांनीं ऐकलें, ‘तूं काम केलें नाहींस.’ तो ताडकन् म्हणाला, “मग मी काय विहीर खणूं?” म्हातारी गप्प झाली. जेजुरी गेली, वाल्हे आलें, तरी दोघें बोलेनात.

शेवटीं विणेकरीबुवांनीं दोघांना समोरासमोर बसवलें. म्हणाले, “आपलें गाऱ्हाणें मागाहून. आधीं दुसरा काय म्हणाला, तें सांगा.” पोरगा म्हणाला, “आजी मला कामचुकार म्हणाली.” म्हातारीचे डोळे भरून आले. “आरं लेकरा, माझ्या कळशीत पाणी व्हतं. तुला तहान लागली असंल म्हणून इचारलं!” पोरानें तिचे पाय धरले.

पाहा, शब्द साधेच होते. थकल्या मनानें त्यांत दोष ऐकला, आणि दोन दिवसांचें नामस्मरण कडू झालें.

वाडवडिलांनीं यावर सोय करून ठेवली आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यांत मुक्कामावर समाजआरती असते. चोपदारांनीं चोप उंच केला कीं टाळ थांबतात. ज्या दिंडीचें गाऱ्हाणें असेल, ती मात्र टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्यापाशीं जाऊन ऐकून घेतात. ही रीत घरीं न्यावी. गाऱ्हाणें उद्यांवर टाकूं नये. तें पाठीमागें न कुजबुजतां समोर सांगावें. आणि एक सांगत असतां बाकीच्यांनीं आपले टाळ थांबवावेत.

आपण सासू-सुना असूं, भाऊ-भाऊ असूं, शब्द लागला, तर उत्तर देण्याआधीं एवढेंच विचारावें, “माउली, तुमचें म्हणणें मला असें कळलें. बरोबर ना?” पायां पडणें सोपें आहे. आधीं नीट ऐकलें, तर तें नमन खरें.

रामकृष्णहरि!