गेलेल्या माणसाचं काय उरतं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

साठी उलटली की एक प्रश्न मनात घर करतो. आरतीनंतर कट्ट्यावर टेकलं की तो ओठांवरही येतो : ‘आपण गेल्यावर काय राहणार? भिंतीवरचा एक फोटो?’

शास्त्राने याबाबतीत आपल्याला खोटी आशा दाखवलेली नाही. श्राद्धात आपण बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घेतो. त्यापलीकडचं नाव बहुतेकांना आठवतच नाही. तेव्हा नाव राहावं म्हणून जगायचं, तर हाती फार काही लागत नाही.

आता श्रीगुरुचरित्राचा चौदावा अध्याय आठवा. आपल्यातले कित्येक जण तो रोज वाचतात. सायंदेवांना क्रूर यवनाचं बोलावणं आलेलं, जिवंत परतण्याची आशा नाही. अशा वेळीही त्यांनी श्रीगुरूंकडे मागितलं, की माझ्या वंशात भक्ती राहू दे. गुरुकृपेने जीव वाचला. पण त्या मागण्याचं फळ पुढे आलं. सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि मग सरस्वती! पाचव्या पिढीत पोथी लिहिली गेली. मधल्यांनी उपासना सांभाळली नसती, तर आपल्या हाती काय आलं असतं?

ज्यांना मूलबाळ नाही त्यांनी काय करायचं? श्रीनृसिंहसरस्वती तर संन्यासी. गाणगापुरी निर्गुण पादुका ठेवून ते कर्दळीवनात गेले, तरी आजही लोक तिथेच आधार शोधतात.

आपल्या दारातलंच पाहा. ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण गेले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळू लागले. त्यांतल्या कित्येक भूखंडांवर आज इमारती आहेत, माणसं नांदताहेत. त्या पाचांची नावं तिथल्या किती जणांना सांगता येतील? नाव विसरलं, पण दिलेलं वाया गेलं नाही.

म्हणजे उरतं ते आपण पुढच्याच्या हाती दिलेलं. या दत्तजयंतीला एवढंच करा : नातवंडाला, नाहीतर शेजारच्या पोराला, जवळ बसवून एक अध्याय वाचून दाखवा. बाकीचं महाराज पाहतील.

॥ श्रीगुरुदत्तार्पणमस्तु ॥