रोजा : तिकडचा आणि इकडचा

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण एकादशी धरतात. उपासाला साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात. पाणी तर चालतेच. मुसलमान बंधूंचा रोजा याहून कडक. पहाटे उजाडण्यापूर्वी जेवायचे. त्याला सहेरी म्हणतात. मग सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. संध्याकाळी खजूर खाऊन रोजा सोडायचा. त्याला इफ्तार म्हणतात. असे 29 किंवा 30 दिवस चालते. हा रमजानचा महिना. पुढचा चंद्र दिसला की ईद.

रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत का येतो? आपले महिनेही चंद्रावरच चालतात. पण आपण सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना धरतो. म्हणून दिवाळी पावसाळ्यात सरकत नाही. मुसलमानी वर्षात अधिक महिना नाही. ते 354 किंवा 355 दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरतो.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. 1990 साली रमजान गुढीपाडव्याच्या पाठोपाठ आला. आम्ही तेव्हा रत्नागिरीकडे शिक्षक होतो. ऊन मी म्हणत होते. सातवीच्या मुलांची कवायत चालली होती. एक मुलगा मागे पडू लागला. आम्ही ओरडलो, "पाय उचल!" त्याने उचलला. थोड्या वेळाने तो घेरी येऊन पडला. आम्ही त्याला सावलीत निजवले. सावध झाल्यावर पाणी पुढे केले, तर त्याने तोंड मिटून घेतले. शेजारचा पोरगा म्हणाला, "गुरुजी, त्याचा रोजा हाय."

वर्गात सात-आठ मुलांचे रोजे होते. आम्हांला ठाऊक नव्हते, कारण आम्ही कधी विचारलेच नव्हते. मुलाचा बाप आला. एक शब्दही वाकडा बोलला नाही. तेच आम्हांला जास्त लागले.

तो मुलगा पुढे दुबईला वेल्डिंगच्या कामाला गेला. रजेवर आला की आम्हांला भेटे. एकदा आम्ही विचारले, "तिकडे रोजा कसा जातो रे?"

तो म्हणाला, "तिथं सोपं पडतं, गुरुजी. सगळा मुलूखच रोजा धरतो."

तिथे रमजानात कामाचे दोन तास कमी होतात, आणि ते सगळ्यांचे, मग कामगार कोणत्याही धर्माचा असो. त्या काळी दुबईच्या हॉटेलांना दिवसा पडदे लावावे लागत. 2021 पासून ती सक्ती राहिली नाही. सूर्य मावळला की तोफ होते. मशिदींजवळ तंबू ठोकतात आणि फुकट जेवण देतात. आपल्याकडचे, पाकिस्तानचे, बांगलादेशचे, सगळे मजूर एका रांगेत बसतात.

"पण ईदला जीव लागत नाही," तो म्हणाला. "तिथं चंद्र बहुतेक एक दिवस आधी धरतात. आईला फोन करायचा, आमची ईद आज, तुमची उद्या. नवे कपडे घालून दाखवायचे कुणाला?"

जिथे मुसलमान थोडे, तिथे अडचणी वेगळ्या. नॉर्वे देशाच्या उत्तरेला उन्हाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य मावळतच नाही. मग रोजा सोडायचा कधी? तिथले बरेच लोक मक्केच्या वेळा पाळतात.

आमचा विद्यार्थी 2015 साली परत आला. पुण्याजवळ एका कारखान्यात लागला. 2016 साली रमजान जूनमध्ये आला. याची दुसरी पाळी. सूर्य मावळे सातनंतर, जेवणाची सुट्टी नऊला. मशीन सोडून जायचे कसे? तीन दिवस त्याने नऊला रोजा सोडला. रोजे सोडावेत की नोकरी, असे त्याच्या मनात येऊ लागले. बोलला मात्र कुणाशी नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्या गड्याने विचारले, "का रे, तू पाणी का पीत नाहीस?" हा गडी पंढरीचा वारकरी. उपास म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागले नाही. तो म्हणाला, "तुझ्या वेळेला मी दोन्ही मशिनी बघतो. तू जाऊन ये." महिनाभर त्याने ते पाळले. 7 जुलैला ईद झाली. 15 जुलैला आषाढी एकादशी आली. त्या दिवशी केळी आणि शेंगदाणे घेऊन आमचा विद्यार्थी हजर! त्याच्या फराळाच्या वेळेला याने दोन्ही मशिनी सांभाळल्या.

मंडळी, दुबईत जे काम तोफ करते, ते इथे एका शेजाऱ्याने केले. आम्ही शिक्षक असून ते आम्हांला जमले नव्हते. रोजा असलेल्या माणसासमोर आपण जेवू नये, असे नाही. तो स्वतःच म्हणतो, "तुम्ही खुशाल जेवा." पण जड काम सकाळी उरकावे. सूर्य मावळताना त्याला अडकवू नये. आणि आजाऱ्याला व प्रवाशाला त्याच्या धर्मानेच सूट दिली आहे. राहिलेले रोजे मागाहून धरता येतात. तेव्हा कुणी आजारी असेल, तर ही आठवण जरूर द्यावी.

सांगा पाहू :
1. रमजान दर वर्षी अलीकडे का येतो?
2. मुलगा कवायतीत का पडला? चूक कोणाची?
3. तुमच्या शेजारी रोजा कोण धरते? त्यांना कधी विचारले आहे का?