पसंतीचे आकडे आणि मदतीचे हात

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’ची कल्पना मांडली. देशी उद्योगांच्या उभारणीसाठी प्रत्येकाने एक पैसा द्यावा, अशी ती साधी योजना होती. या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभा राहिला. त्या काळी लोकांना प्रत्यक्ष भेटणे हाच अशा कार्याचा मुख्य मार्ग होता. कोण आपुलकीने ऐकतो, कोण शंका काढतो आणि कोणाच्या शब्दाला गावात वजन आहे, हे कार्यकर्त्यास दारातच उमगत असे.

आज ग्रंथालय, वसतिगृह, जलसंधारण वा रुग्णसेवा यांसाठी झटणाऱ्या संस्था फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप आदी समाजमाध्यमांतून एका क्षणात हजारो लोकांपर्यंत पोहोचू शकतात. परंतु दारात उभे राहून होणारी माणसांची पारख तेथे आपोआप होत नाही. ती अभ्यासानेच करावी लागते.

संख्येचा भ्रम

सुदानमधील दारफूर प्रांतातील पीडितांसाठी फेसबुकवर चाललेल्या एका मोहिमेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहिमेचे सभासद दहा लाखांहून अधिक होते. मात्र त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक सभासदांनी तिच्यामार्फत काहीच देणगी दिली नाही आणि ७० टक्क्यांहून अधिक सभासदांनी एकही नवा सभासद जोडला नाही. जमलेला निधी एक लाख डॉलरच्याही आतच राहिला. नाव नोंदविणे आणि भार उचलणे यांत केवढे अंतर असते, याची या आकड्यांवरून कल्पना येते.

युनिसेफच्या स्वीडनमधील शाखेने २०१३ मध्ये हाच मुद्दा जाहिरातींतून मांडला. केवळ पसंती दर्शविल्याने एकाही बालकास लस मिळत नाही, असे तिने लोकांना स्पष्टपणे सांगितले. पसंती हे परिचयाचे पहिले पाऊल आहे. त्यालाच मुक्काम समजणारी संस्था वर्षअखेरीस हिशेब मांडताना अडचणीत येते.

माहिती, संवाद आणि आवाहन

क्रिस्टेन लव्हजॉय व ग्रेगरी सॅक्स्टन या अभ्यासकांनी अमेरिकेतील १०० मोठ्या सेवाभावी संस्थांचे ट्विटरवरील संदेश तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ५९ टक्के संदेश केवळ माहिती देणारे होते, सुमारे २६ टक्के संदेशांत लोकांशी संवाद होता, तर सुमारे १६ टक्के संदेशांत देणगी, सहभाग अथवा अन्य कृतीचे आवाहन होते.

हे त्रिविध वर्गीकरण कोणत्याही लहान संस्थेस सहज वापरता येईल. मागील तीन महिन्यांतील आपले सर्व संदेश एका वहीत उतरवून ते या तीन रकान्यांत विभागावेत. सत्कार, भेटी आणि उद्घाटने यांच्या छायाचित्रांनीच पहिला रकाना भरला असेल व उरलेले दोन रिकामे असतील, तर लोक पाठ फिरवितात याचे नवल वाटू नये. ज्यांना काही विचारलेच नाही, ते उत्तर तरी कसे देणार?

पाहणीची रीत

अशा पाहणीस खर्च फारसा येत नाही. चिकाटी मात्र लागते. प्रथम प्रश्न निश्चित करावा. मुलींच्या वसतिगृहासाठी निधी हवा असेल, तर ‘आपले हितचिंतक कोण?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘माजी विद्यार्थिनी मदत करू इच्छितात काय आणि कोणत्या स्वरूपात?’ असे नेमके विचारावे. त्यानंतर संदेशांखालील अभिप्राय शांतपणे वाचावेत. देणगीची पावती मिळेल काय, धान्य दिले तर चालेल काय, पत्ता कोणता, असे प्रश्न विचारणारा वाचक मौन पसंतीदारापेक्षा संस्थेच्या अधिक जवळ आलेला असतो. त्यास त्याच दिवशी उत्तर मिळाले पाहिजे.

एकच आवाहन दोन प्रकारे लिहून, दोन वेगवेगळ्या दिवशी पाठवून, कोणत्यास प्रत्यक्ष प्रतिसाद अधिक मिळाला याची नोंद ठेवावी. अर्थात एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये. सुगी, सण आणि परीक्षा यांचाही प्रतिसादावर परिणाम होतो. शेवटी वर्षभरातील देणगीदारांपैकी काहींना दूरध्वनी करून ‘आमच्या कार्याची माहिती आपणांस कोठून मिळाली?’ असे विचारावे. हे उत्तर अनेकदा पडद्यावरील आकड्यांहून अधिक शिकविते.

स्पष्ट मागणीचे महत्त्व

२०१६ मध्ये स्थापन झालेल्या पाणी फाउंडेशनने त्याच वर्षी वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा घेतली. पुढे शहरातील नागरिकांनाही ‘जलमित्र’ म्हणून नाव नोंदवून १ मे २०१८ रोजी गावांत श्रमदानास येण्याचे आवाहन करण्यात आले. या मागणीत दिवस ठरलेला होता, काम ठरलेले होते आणि देणगी पैशांची नव्हे, तर श्रमाची होती. ज्यास मदत करावयाची आहे, त्यास नेमके काय करावे हे कळणे किती अगत्याचे असते, याचा हा वस्तुपाठ होय.

मर्यादा आणि जबाबदारी

समाजमाध्यमांवर नसलेला माणूस या पाहणीत दिसत नाही. अनेक घरांत भ्रमणध्वनी एकच असतो व तो पुरुषाच्या हाती असतो. वृद्ध देणगीदार, शेतमजूर आणि गृहिणी यांचे मत जाणण्यासाठी ग्रामसभा, बचत गट व पालकसभा यांना पर्याय नाही.

त्याचप्रमाणे, अभ्यास म्हणजे पाळत नव्हे. लोकांची नावे व क्रमांक ज्या कामासाठी घेतले, त्याच कामासाठी वापरावेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय कायदाही संमत झाला आहे. मदतीच्या आवाहनासाठी एखाद्या बालकाचे वा रुग्णाचे दीनवाणे छायाचित्र प्रसिद्ध करणे त्याच्या प्रतिष्ठेस बाधक ठरते, याचेही भान राखणे आवश्यक आहे.

पैसा फंडात पैसा लहान होता, पण तो देणारा माणूस ओळखीचा होता. साधने बदलली तरी सेवाकार्याचा हा पाया बदललेला नाही. आकड्यामागचा माणूस शोधणे, त्याचे म्हणणे ऐकणे आणि त्याने दिलेल्या मदतीचा हिशेब त्याच्यापर्यंत पोहोचविणे, या तीन गोष्टी ज्या संस्थेस साधतील, तिला लोकाश्रयाची उणीव भासणार नाही.