बारा वाजताची सावली



उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या शाळेत विज्ञान-शिबिर भरले होते. त्याचा वृत्तान्त वार्षिकासाठी लिहावा, अशी संपादक-मंडळाची आज्ञा झाली आहे. २५ एप्रिल ते ४ मे असे दहा दिवस पाचवी ते आठवीची वीस मुले सकाळी नऊला डबा घेऊन येत आणि दुपारी दीडला घरी जात. या दहा दिवसांत लिंबाच्या रसाने गुप्त पत्रे लिहून झाली, जास्वंदीच्या पाकळ्यांच्या रसाने आम्ल कोणते व अल्क कोणते हे ओळखून झाले, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्रिकोण-चौकोन बांधून झाले. त्या साऱ्यांविषयी लिहीत बसलो, तर हा अंक पुरावयाचा नाही. म्हणून मी एकाच प्रयोगाविषयी लिहितो. त्यातील पहिली चूक माझी होती.

मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. विज्ञानाचे शिक्षक ऐन वेळी रजेवर गेले आणि शिबिर माझ्या गळ्यात पडले. पहिल्याच दिवशी मी मुलांना चार गटांत विभागले, प्रत्येक गटाला एक मीटर लांबीची सरळ काठी दिली आणि ती अंगणात उभी रोवावयास सांगितली. नंतर मोठ्या आत्मविश्वासाने बोललो, "दुपारी बरोबर बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा या काठीला सावली राहणार नाही. पाहा आणि वहीत लिहा."

बारा वाजले. मुलांनी पाहिले आणि लिहिले. तीन गटांच्या वह्यांत 'सावली नाही' किंवा नुसते शून्य होते. चौथ्या गटाच्या वहीत सातवीतल्या एका मुलीने लिहिले होते, 'सावली १४ सेंटिमीटर, पश्चिमेकडे.' मी म्हणालो, "काठी वाकडी असेल. उद्या नीट लावा." ती काही बोलली नाही.

घरी जाऊन वह्या चाळू लागलो. एका वहीत शून्याखाली कागद खरवडलेला दिसला. प्रकाशात धरून पाहिला, तर खोडरबराने पुसलेले १३ त्यातून स्पष्ट उमटले. दुसऱ्या वहीतही तसेच. म्हणजे मुलांनी सावली पाहिली होती, पट्टीने मोजली होती, आणि केवळ सरांनी सांगितले म्हणून पुसून टाकली होती. परीक्षेत नक्कल करणाऱ्या मुलाला मी आजवर कितीदा तरी रागावलो असेन. येथे मुलांकडून खोटे लिहवून घेणारा मीच होतो. त्या रात्री मला चांगली झोप लागली नाही, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वडिलांचा ओळंबा घेऊन आली. तिचे वडील गवंडी आहेत. काठीच्या दोन बाजूंना ओळंबा धरून तिने काठी तंतोतंत उभी केली, ताटलीत पाणी घालून जमीन सपाट आहे की नाही तेही पाहिले. बारा वाजता सावली पुन्हा १४ सेंटिमीटर! आणि बारानंतरही ती आखडतच होती. आता मात्र मी मुकाट्याने पुस्तके धुंडाळली. जी रीत सापडली ती आपल्याकडे फार जुनी आहे. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिशासाधनासाठी ती सांगितलेली आहे. अशा उभ्या काठीला 'शंकू' म्हणतात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तर छायाव्यवहार नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. मी संस्कृत शिकलो होतो, हे नाव ऐकूनही होतो, पण त्यासाठी कधी उन्हात उभा राहिलो नव्हतो!

रीत अशी. शंकूच्या बुडाभोवती वर्तुळ काढावयाचे. आम्ही २० सेंटिमीटर त्रिज्येचे काढले. सकाळी सावली आखडत येते आणि तिचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते, तेथे एक खूण करावयाची. दुपारी सावली पुन्हा लांबू लागते; टोक वर्तुळाबाहेर पडते, तेथे दुसरी खूण. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिला काढलेला लंब उत्तर-दक्षिण. आमची पहिली खूण ११ वाजून ४६ मिनिटांनी पडली, दुसरी १ वाजून १८ मिनिटांनी. दोहोंच्या बरोबर मध्ये किती वाजतात? १२ वाजून ३२ मिनिटे. आमच्या फोंड्याचा खरा मध्यान्ह तो!

हे असे का, याचे उत्तर नकाशात आहे. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे चालतात. फोंडा सुमारे ७४ अंशांवर, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, म्हणून आपल्याकडे सूर्य ३४ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. एप्रिलअखेरीस सूर्य घड्याळाच्या दोन-तीन मिनिटे पुढे असतो, तेवढी वजा केली की हिशेब जुळतो. आठवीच्या मुलांनी हे गणित माझ्याआधी सोडविले.

पण मध्यान्हीही सावली शून्य नव्हती. २५ एप्रिलला ती जवळजवळ ४ सेंटिमीटर असावयास हवी होती, असे मागाहून हिशेब करता दिसले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज मोजू लागलो. ती उत्तरेकडे पडे आणि रोज अर्ध्या सेंटिमीटराने कमी होई, कारण सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकत होता. अर्धा सेंटिमीटर मोजणे बोलण्याइतके सोपे नाही. सूर्य हा बिंदू नव्हे; आकाशात त्याची चकती अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे सावलीची कड धूसर असते. कड कोठे मानावी यावरून दोन गटांत चांगलीच जुंपली. शेवटी धूसर पट्ट्याचा मध्य धरावा, असे ठरले. सूर्याकडे मात्र कोणी पाहावयाचे नाही, ही ताकीद मी रोज देत असे. सर्व काम जमिनीकडे पाहूनच होते. काम झाले की कोकमाचे सरबत.

२ मे रोजी १२ वाजून ३१ मिनिटांनी सावली काठीच्या बुडाशी शिरली आणि दिसेनाशी झाली. मुले शाळेत माझ्याशी मराठीत बोलतात, पण त्या क्षणी एकजण ओरडला, "सर, सावळी ना जाली!" माझीही मातृभाषा तीच, मीही त्याच भाषेत ओरडलो असेन. आमची काठी एक सेंटिमीटर जाड होती, म्हणून ३ मे रोजीही सावली तिच्या जाडीतच लपून राहिली. ४ मे रोजी ती पुन्हा बाहेर डोकावली, पण आता दक्षिणेकडे. वर्षातून दोनदा असा दिवस येतो. दुसरा ऑगस्टच्या १०-११ तारखेस, पण तेव्हा गोव्यात आकाश बहुधा ढगांनी भरलेले असते. बेळगावास हा दिवस आपल्यानंतर एक-दोन दिवसांनी, हैदराबादेस ९ मेच्या सुमारास, बडोद्यास जूनच्या आरंभी आणि इंदुरास जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे तो कधीच येत नाही. तुमचे आप्त तेथे असतील, तर त्यांना हे अवश्य सांगा.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटॉस्थेनीस नावाच्या ग्रीक विद्वानाने अशाच सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. सायीन, म्हणजे आजचे अस्वान, येथे सूर्य माथ्यावर असताना अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असे. दोन गावांमधले अंतर पन्नास पटीने घेतले की परीघ आला. ही गोष्ट ऐकताच एका मुलाने दादरच्या मामाला फोन केला. २ मे रोजी मामांनी गच्चीवर मीटरभर काठी उभी करून तिची सर्वांत आखूड सावली मोजली: ६.८ सेंटिमीटर.

आता गणित. १०० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर. त्यात ६.८ सुमारे ९२ वेळा जातात. फोंड्यापासून दादरपर्यंत सरळ उत्तरेकडचे अंतर, रस्त्याने नव्हे तर अक्षांशांवरून मोजलेले, ४०० किलोमीटर. ४०० गुणिले ९२ म्हणजे ३६,८००. भूगोलाच्या पुस्तकात सुमारे ४०,००० आहे.

वर्गात शांतता पसरली. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, मामांची सावली ६.४ लिहिली तर?" त्याने मनात हिशेब केला होता, ६.४ धरले तर उत्तर ३९,०००च्या वर जाते. चार मिलिमीटर धूसर कडेतही हरवू शकतात, तेव्हा त्याची शंका वावगी नव्हती. मी उत्तर देण्यापूर्वीच ओळंबा आणणारी मुलगी म्हणाली, "मामांनी ६.८ मोजली आहे."

शिबिराच्या वहीत ३६,८०० हाच आकडा आहे. त्याखाली मुलांनी आपल्या हाताने लिहिले आहे: कड धूसर होती, गच्ची सपाट होती की नाही हे पाहिले नाही, मामांकडे ओळंबा नव्हता. वही वाचनालयाच्या कपाटात ठेवली आहे, तेथे कोणासही पाहता येईल. पहिल्या दिवसाची खोडलेली पानेही मी तशीच राहू दिली आहेत.