नेत्ररोपणानंतरची दक्षता : डोळ्यातील दाब आणि काचबिंदू

नेत्रदानाचे महत्त्व आता खेडोपाडीही पटू लागले आहे. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात शाळाशाळांतून त्याचा प्रचार होतो. परंतु रोपण झाले म्हणजे कार्य संपले, हा समज बरोबर नाही. रोपण यशस्वी होऊनही डोळ्यातील दाब वाढल्यास मिळालेली दृष्टी पुन्हा गमावण्याचा धोका असतो.

रोपण कशाचे होते?

रोपण संपूर्ण डोळ्याचे नव्हे, तर पारपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याचे होते. बोलीभाषेत त्यालाच बुबुळ म्हणतात. मानवी पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण डॉ. एडवर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे केले. रुग्ण होता चुन्यामुळे दृष्टी गमावलेला एक मजूर.

दाब का वाढतो?

डोळ्यात एक पाणीदार द्रव सतत तयार होतो व पारपटलाच्या कडेजवळील सूक्ष्म जाळीतून वाहून जातो. त्यामुळे दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका राहतो. निचरा अडला की दाब वाढतो, दृष्टीची नस हळूहळू सुकते आणि काचबिंदू होतो. या नसेची झालेली हानी भरून येत नाही.

रोपणानंतर निचरा अडण्याची कारणे अनेक आहेत : दाह, टाक्यांच्या ताणाने बदललेली कडेची रचना, तसेच बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा पारपटलाला चिकटणे. याखेरीज शरीराने नवे पारपटल नाकारू नये म्हणून दिले जाणारे स्टिरॉइडचे थेंबही काही रुग्णांत दाब वाढवितात.

शस्त्रक्रियेनुसार धोका

पारपटलाची पूर्ण जाडी बदलण्याच्या जुन्या पद्धतीत हा धोका सर्वांत अधिक असतो. केवळ पुढचे थर बदलल्यास रुग्णाचा स्वतःचा आतील पेशीथर कायम राहतो. त्यामुळे स्टिरॉइड लवकर कमी करता येतात व धोकाही घटतो. आतील पातळ थरच बदलण्याच्या पद्धतीत टाके नाममात्र लागतात. मात्र तो थर जागी बसविण्यासाठी डोळ्यात हवेचा किंवा वायूचा बुडबुडा सोडतात. त्याने बाहुलीचा मार्ग अडल्यास पहिल्या काही तासांतच दाब एकाएकी वाढू शकतो. म्हणून त्या काळात रुग्णावर विशेष लक्ष ठेवावे लागते. पद्धत कोणतीही असो, ज्याला आधीपासून काचबिंदू आहे त्याला धोका अधिक असतो.

वाढलेला दाब दुहेरी हानी करतो. दृष्टीची नस तर दुबळी होतेच, शिवाय रोपित पारपटलाच्या आतील पेशीही मरतात. या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. त्या फार कमी झाल्या की दात्याने दिलेले पारपटल धूसर होते.

आपण काय करावे?

दाब हळूहळू वाढत असेल, तर डोळा बहुधा दुखत नाही, लालही होत नाही. रुग्णाला दिसत असते आणि तो तपासणीस जाणे सोडतो. खरा घात येथेच होतो. दाब वेळीच कळला तर थेंबांनी, लेसरने वा शस्त्रक्रियेने तो आटोक्यात आणता येतो. म्हणून ठरलेल्या तारखेस दाब मोजून घेणे आवश्यक आहे. स्टिरॉइडचे थेंब जुन्या चिठ्ठीवर औषधांच्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत, तसेच ते आपल्या मनाने बंदही करू नयेत. डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा दृष्टी मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आपल्या गावात असे रोपण झालेली व्यक्ती असेल, तर तिच्या तपासणीची तारीख तिला आठवणीने सांगणे, सोबतीची व प्रवासाची सोय पाहणे, हे काम शिक्षक व पंचायत सदस्य सहज करू शकतील. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान घडवून आणणे हे पुण्यकर्म खरेच, पण त्या दानाचे जतन करणे हेही तितकेच मोलाचे आहे.