‘गुन्हेगार मला आधीच कळला होता!’

रहस्यकथा वाचून संपवलेल्या कुणालाही विचारा, "कशी वाटली?" उत्तर ठरलेलं. "ठीक आहे गं, पण गुन्हेगार मला आधीच कळला होता." गेल्या सेमिस्टरमध्ये आमच्या लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी वहीत नुसती उभी रेघ मारायला लागले.

झालं असं, की मराठी विभागाच्या सरांनी सांगितलं, एखादं हलकंफुलकं पुस्तक घे, चार लोकांना वाचायला दे आणि त्यांची मतं गोळा करून अभ्यासपूर्ण लेख लिही. मी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे निवडला. भागवतांचा (१९१०-२००१) हा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनचा विद्यार्थी, सायकलवर सुसाट, आणि आश्चर्य वाटलं की तोंडाने ‘टॉक्’ करणारा. पोलीस नाही, डिटेक्टिव्ह नाही, पण जाईल तिथे भानगड त्याची वाटच बघत असते. सरांना वाटलं मी मराठी बालसाहित्याच्या प्रेमापोटी निवडलं. खरं कारण एवढंच, की पुस्तकं पातळ होती. मी कॉन्व्हेंटमधली. घरी बोलायला मालवणी, शाळेत सगळं इंग्रजी, आणि मराठी म्हणजे परीक्षेपुरता एक पेपर. दहा पानं मराठी वाचायला मला अर्धा-पाऊण तास लागायचा. हे आजवर रूममेटलाही सांगितलं नव्हतं, आता छापूनच येतंय!

तर पहिला धडा त्या उभ्या रेघांचा. ‘आधीच कळलं होतं’ हे मत नाही, ती आठवण आहे, आणि आठवण फार लबाड असते. शेवट वाचून झाला की मागचं सगळं सरळ दिसतं, सोडवलेलं गणित सोपं वाटतं तसंच. म्हणून मी एक युक्ती केली. पुस्तक अर्ध्यावर मिटायचं, चिठ्ठीवर संशयिताचं नाव लिहायचं, चिठ्ठी माझ्याकडे द्यायची. पण फास्टर फेणेला ही युक्ती लागू पडेना. तिथे खलनायक लपून बसत नाही, बऱ्याचदा लवकरच समोर येतो. वाचणाऱ्याच्या मनात ‘कोण?’ पेक्षा ‘आता हा सुटणार कसा?’ हाच प्रश्न जास्त असतो. म्हणजे ज्या मुली ‘गुन्हेगार कळला’ म्हणून नाक मुरडत होत्या त्या पुस्तकाला त्याने न मांडलेला प्रश्न विचारत होत्या. मेकॅनिक्सच्या पेपरात केमिस्ट्रीचं उत्तर शोधल्यासारखं.

मग चिठ्ठ्यांसाठी अगाथा ख्रिस्तीचं १९२६ सालचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ घेतलं. पायरो त्यात निवृत्त होऊन खेडेगावात भोपळे लावत बसलेला असतो. या पुस्तकाच्या शेवटावरून तेव्हा वाचकांमध्ये चांगलंच भांडण लागलं होतं. लेखिकेने फसवलं, असं एकांचं म्हणणं. सगळे धागे समोरच ठेवले होते, तुम्हीच नीट वाचलं नाहीत, असं दुसऱ्यांचं. शेवट काय ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही तुमच्या लेखात कुणाचा शेवट सांगू नका (रेक्टर मॅडमनी अजून वाचलेलं नाही). आमच्या चिठ्ठ्यांमध्ये सगळी भलतीच नावं निघाली. तरी पुस्तक संपल्यावर एक जण ठामपणे म्हणाली, "मला कळलं होतं." मी तिच्यापुढे तिच्याच अक्षरातली चिठ्ठी ठेवली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

दिवाळीच्या सुट्टीत आरोंद्याला गेले. आमचं गाव तेरेखोलच्या खाडीवर, पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि काही दिवस वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाचनाची सवय असलेल्या माणसाला ही शिक्षाच. बॅगेतून फास्टर फेणे बाहेर पडला तशी ती म्हणाली, "वाच गो चेडवा, आयकतंय." माझ्या पोटात गोळा. ओसरीवर बसून मी वाचायला लागले, जोडाक्षर आलं की अडखळायचे, आणि डोळ्यावर काळा चष्मा लावलेली आजी नुसत्या अंदाजाने पुढचा शब्द सांगायची. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन पोरंही येऊन बसली. ती माझ्या चुकांना हसायची. आजीने त्यांना एकदाच दटावलं, पण मला मात्र थांबू दिलं नाही.

तिचं मत? हॉस्टेलमधल्या सगळ्यांपेक्षा वेगळं. मध्येच म्हणाली, "ह्या पोराची आवस खंय आसा? इतको भटकता, तेका कोण इचारणारो नाय?" मी हसले, पण रात्री विचार केला तेव्हा वाटलं, मुद्दा खरा आहे. ब्लायटनच्या फेमस फाइव्हपासून (पहिलं पुस्तक १९४२) या प्रकारच्या पुस्तकांत मोठी माणसं लेखकाला सोयीस्करपणे बाजूला सारावी लागतात. आई सारखी हाका मारत राहिली तर मुलगा चोराच्या मागे जाणार कसा? आजीने लेखकाची अडचण बरोबर पकडली होती.

मग तिने अर्नाळकर काढले. आजोबा मुंबईत नोकरीला असताना वाचनालयातून बाबुराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या आणायचे. गावी आले तरी रात्री कंदिलाजवळ काळा पहाड नाहीतर झुंजार उघडून बसायचे. "घासलेट काय फुकट गावता?" हे तिचं तेव्हाचं समीक्षण! मी शाळेत नॅन्सी ड्रू वाचायचे. तिची लेखिका कॅरोलिन कीन ही मुळात नव्हतीच, त्या एका नावाखाली अनेक जण लिहीत. आणि इथे अर्नाळकर हा एकटा माणूस हजाराहून जास्त पुस्तकं लिहून गेला. आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही. असो.

आजीविषयी आणखी एक. ती घरातून फारशी बाहेर पडत नाही, तरी गावात अनोळखी गाडी आली की सगळ्यात आधी तिलाच कळतं. अॅक्रॉइडच्या कथेत डॉक्टरची बहीण कॅरोलाइन आहे, घरबसल्या गावाची बित्तंबातमी ठेवणारी. तिच्यावरूनच मिस मार्पल सुचली असावी, असं ख्रिस्तीने आत्मचरित्रात म्हटलंय. मार्पलची पहिली कादंबरी १९३० ची. मी आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मगे माका पैशे कित्याक नाय दिल्यान?"

एक मत मात्र वहीत उतरवून घेताना माझा हात थांबला. हॉस्टेलवर परत आल्यावर आम्ही २०१७ चा ‘फास्टर फेणे’ सिनेमा लॅपटॉपवर लावला, अमेय वाघचा. त्यात बनेश मोठा झालाय, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला पुण्यात येतो. परीक्षेत भेटलेल्या मुलाने आत्महत्या केल्याची बातमी येते आणि बनेशला ते पटत नाही. बाकीच्या मुली संवादांवर टाळ्या देत होत्या. फर्स्ट इयरची एक मुलगी उठून गेली. तिने मेडिकलसाठी एक वर्ष गॅप घेतला होता, नंबर लागला नाही, म्हणून इकडे आली. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "सिनेमा चांगला असेल ताई. पण तुम्ही त्याला हलकाफुलका म्हणताय." बस्, एवढंच. मी तिला ‘का?’ विचारलं नाही. बाकी सगळ्यांना मी ‘का’ आणि ‘कुठल्या पानावर’ विचारून भंडावलं होतं. ते विचारायलाच हवं, त्याशिवाय मताला किंमत नाही. इथे मात्र कारण मला आधीच माहीत होतं. लेखाच्या कच्च्या मसुद्यातल्या पहिल्या ओळीत ‘हलकाफुलका सिनेमा’ असे शब्द होते, ते खोडले. पुस्तकाच्या बाबतीत तसेच ठेवलेत, कारण तिने पुस्तक वाचून मला हसतच परत दिलं होतं.

आजी आता स्वतः वाचते. परवा फोनवर म्हणाली, नाताळात येशील तेव्हा ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ घेऊन ये. मी म्हटलं, आता डोळे बरे झालेत, तूच वाच. तर म्हणते, "तां खरा, पण तू वाच गो. शेजारची पोरां इचारतत."