शिक्षक घडवताना : सराव पाठ आणि मार्गदर्शकाची नजर



आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी मदत करताना आपण वह्या, गणवेश आणि वसतिगृहाचा खर्च यांचा विचार करतो. त्यांना शिकवणारा शिक्षक कसा तयार होतो, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. म्हणून या अंकातील अभ्यासासाठी तोच विषय घेतला आहे. सहावी ते आठवीला शिकवणारे भावी शिक्षक प्रत्यक्ष वर्गात सराव करून कसे घडतात आणि त्या सरावावर जाणत्या माणसाची देखरेख का हवी, ते आपण पाहू.

१. हा टप्पा नाजूक का?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक स्तर आहे. या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना प्रत्येकी निदान एक शिक्षक असावा आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, असे कायदा सांगतो. पहिली-दुसरीत एकच गुरुजी किंवा बाई सगळे शिकवतात. इथे विषय वेगळे होतात आणि प्रत्येक विषयाची भाषाही वेगळी होते.

आदिवासी मुलासाठी याच सुमारास आणखी बरेच बदलते. पाड्यावरची शाळा सुटते आणि आश्रमशाळेत राहायला जावे लागते. एकलव्य निवासी शाळा तर सहावीपासूनच सुरू होतात. घरची भाषा मेळघाटात कोरकू, भामरागडात माडिया, धडगावकडे पावरी, तलासरीकडे वारली. यांपैकी कोरकू आणि माडिया या तर मराठीच्या भाषाकुळातल्याही नाहीत. रोजच्या बोलण्यापुरती मराठी मुलाला येते, पण पुस्तकातली मराठी निराळी असते. गणिताच्या तासाला ‘अंश’ म्हणजे अपूर्णांकातली वरची संख्या. विज्ञानाच्या तासाला तोच ‘अंश’ तापमान मोजतो. ‘घात’ आणि ‘पाया’ या शब्दांचे व्यवहारातले अर्थ एक, गणितातले दुसरे. इथे अडलेले मूल विचारत नाही, गप्प बसते. ते गप्प बसणे वेळीच कुणाच्या लक्षात आले नाही, तर पुढे शाळाच सुटण्याची भीती असते.

२. सराव कसा चालतो?

सहावी ते आठवीसाठी पदवीबरोबर डी.एल.एड. किंवा बी.एड. असे प्रशिक्षण लागते आणि शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील अनुभवासाठी २० आठवडे ठेवले: पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६.

सरावाला साधारण एक क्रम असतो. आधी सोबत्यांसमोर पाच-सात मिनिटांचा सूक्ष्म पाठ होतो. त्यात एकच कौशल्य घोटायचे असते, जसे प्रश्न विचारणे किंवा फळ्यावर लिहिणे. मग शाळेत जाऊन अनुभवी शिक्षकांचे तास पाहायचे. त्यानंतर पाठ टाचण काढून सराव पाठ घ्यायचे. शेवटी काही आठवडे सलग शाळेतच राहून हजेरी, परिपाठ, वह्या तपासणे, चाचणी आणि पालकांशी बोलणे ही सगळी कामे करायची.

३. देखरेख म्हणजे काय?

निरीक्षण वहीत नेहमी दिसणारे शेरे असे असतात : ‘आवाज स्पष्ट’, ‘फलकलेखन सुधारावे’, ‘वर्गनियंत्रण चांगले’. हे सगळे शेरे शिकवणाऱ्याविषयी आहेत. मुले काय शिकली, हे त्यांतून समजत नाही.

एक उदाहरण घेऊ. छात्राध्यापिका सहावीला अपूर्णांकांची बेरीज शिकवते. ‘समजलं का?’ असे ती विचारते. ‘होऽऽ’ असे सगळा वर्ग म्हणतो. पाठ छान झाला असे तिला वाटते. मार्गदर्शक मात्र मागच्या बाकावर बसून शेजारच्या मुलीची वही पाहत आहेत. वहीत लिहिले आहे : १/२ + १/४ = २/६. मुलीने वरच्या संख्या वरच्यांत आणि खालच्या खालच्यांत मिळवल्या आहेत.

तास संपल्यावर मार्गदर्शक छात्राध्यापिकेला शेरा देत नाहीत, तर ती वही दाखवून विचारतात, ‘हिने असं का केलं असेल?’ मग दोघे मिळून उद्याचा पाठ ठरवतात. ज्या घरांत अजून पायलीचे माप आहे, तिथल्या मुलांना अधोली म्हणजे अर्धी पायली आणि शेर म्हणजे पाव पायली हे ठाऊक असते. एक अधोली नागली आणि एक शेर नागली एकत्र केली तर तीन शेर होतात, म्हणजे पाऊण पायली. आणि २/६ म्हणजे तर पायलीचा तिसरा हिस्सा! अर्ध्या पायलीत भर घालूनही उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल? हा प्रश्न मुलीने स्वतःला विचारला की समान छेद कशासाठी करायचा, हे तिला उमगू लागते.

म्हणजे चांगल्या देखरेखीचे तीन भाग होतात.

पाठापूर्वी : मुलांना आज काय यायला हवे आणि ते कुठे अडतील, यावर बोलणे.

पाठाच्या वेळी : किती मुलांनी उत्तरे दिली, तीच ती चार मुले बोलली का, मुलींना किती संधी मिळाली, वहीत काय उतरले, याची नोंद ठेवणे.

पाठानंतर : त्याच दिवशी निवांत बसून नोंदी पाहणे आणि पुढच्या पाठात एकच गोष्ट बदलायचे ठरवणे.

४. पाठवणे आणि परत येणे

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू बारा शिष्यांना दोघा-दोघांच्या जोडीने गावोगाव पाठवतो. ते परत येतात, काय केले आणि काय शिकवले ते सांगतात आणि तो त्यांना गर्दीपासून दूर एकांतात घेऊन जातो. आपण पाठवणीवर पुष्कळ बोलतो. परत येऊन सांगण्याकडे आपले तितके लक्ष नसते. सराव पाठाचेही तसेच आहे. वर्गात पाठवणे सोपे आहे. पाठ संपल्यावर ऐकून घेणारा कुणी असेल, तरच त्या अनुभवातून शिक्षक घडतो.

५. प्रत्यक्षातील अडचणी

दुर्गम भागात अध्यापक महाविद्यालय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असते. तिथून प्राध्यापकांना रोज शाळेवर येता येत नाही. शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर छात्राध्यापकाला तासिका भरण्यासाठी वापरले जाण्याचा मोह होतो. वर्ग शांत राहतो आणि सगळ्यांची सोय होते, पण मागचा बाक रिकामाच राहतो. अशा वेळी शिकाऊ माणसाच्या चुकांची किंमत मुलांना मोजावी लागते, कारण त्यांचे सहावीचे वर्ष पुन्हा येत नाही. ‘आपल्या मुलांवर कुणी हात बसवून घ्यावा’ अशी भावना पालकांत आली, तर ती चुकीची म्हणता येणार नाही. देखरेख ही छात्राध्यापकाला जितकी मदत आहे, तितकेच ते मुलांचे संरक्षण आहे.

६. आपण काय करू शकतो?

• आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक-शिक्षिका आहेत. शाळेच्या व महाविद्यालयाच्या परवानगीने त्यांनी आठवड्यातून दोन दिवस मागच्या बाकावर बसावे, ही मोठी सेवा होईल.

• शाळेजवळ छात्राध्यापकांच्या, विशेषतः मुलींच्या, सुरक्षित राहण्या-जेवणाची सोय करता येईल.

• आदिवासी समाजातील जे तरुण डी.एल.एड. किंवा बी.एड. करतात, त्यांना फीबरोबर सरावाच्या काळातील प्रवासखर्चही द्यावा. मुलांची भाषा जाणणारा शिक्षक त्यांच्यातूनच येणार आहे.

• शाळेला भेट द्याल तेव्हा ‘किती पाठ झाले?’ एवढेच विचारू नका. ‘पाठानंतर बोलायला कोण बसतं?’ हेही विचारा.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. तुम्हाला घडवणाऱ्या शिक्षकाने तुमची चूक कशी दाखवून दिली होती?

२. मार्क ६ मध्ये परत आलेल्या शिष्यांना प्रभू एकांतात नेतो. आपण ज्यांना सेवेला पाठवतो, त्यांचे ऐकायला आपण केव्हा बसतो?

३. आपल्या मंडळीतील कोणत्या निवृत्त शिक्षकांना या कामासाठी विचारता येईल? त्यांची नावे काढा आणि पुढच्या सभेपूर्वी त्यांना भेटा.